स्नॉर्कलिंगचं सामान: कोरड्यावर तपासा, कमरेएवढ्या पाण्यात शिका, मग होडीत बसा

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नांगर टाकते. गाईड हातात मास्क आणि नळी देतो, "नाकाने नाय, तोंडाने श्वास घ्यायचो" एवढं सांगतो आणि पुढच्या मिनिटाला माणूस पाय न टेकणाऱ्या पाण्यात असतो. मास्कमध्ये पाणी शिरतं, काच धुरकटते, नळीतून खारट घोट जातो. दहा मिनिटांत तो वर येतो आणि "सामान खराब होतं" म्हणतो. बहुतेक वेळा सामान धड असतं. चुकतो तो क्रम. जे कोरड्यावर तपासायचं ते पाण्यात तपासलं जातं आणि जे कमरेएवढ्या पाण्यात शिकायचं ते खोल पाण्यात शिकायला लागतं.

स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं. त्यासाठी खालचे टप्पे ओळीनेच करा. उदाहरणं मालवणची आहेत, पण अंदमान असो की लक्षद्वीप, सामान तेच आणि चुकाही त्याच.

आधी हे पाहा: हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सर्दीने कान-नाक बंद असेल तर पृष्ठभागावर तरंगणं जमेल, बुडी मारायची नाही. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर किनाऱ्यावरच बसा.

## १. मास्कचं माप

पोहण्याचा गॉगल चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. पाण्यात खाली जाल तसा दाब वाढतो. तीन मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे १.३ पट होतो. मास्कमधली हवा तेवढी आक्रसते आणि काच चेहऱ्यावर दाबली जाते. मास्कमध्ये नाकही असतं, त्यामुळे नाकातून थोडी हवा सोडून हा दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही, सगळी ओढ डोळ्यांवर येते.

मापाची चाचणी अशी घ्या:

१. पट्टा काचेच्या पुढे टाका. तो डोक्यामागे घ्यायचा नाही.
२. कपाळावरचे सगळे केस मागे सारा.
३. मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने अगदी हलका श्वास आत ओढा आणि धरून ठेवा.
४. हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. हवा सुसू करत आत येत असेल तर दुसरा मास्क मागा.
५. आता नळीचा माउथपीस तोंडात धरून हीच चाचणी पुन्हा घ्या.

पाचवी पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. तोंडात माउथपीस आला की गाल आणि वरचा ओठ यांचा आकार बदलतो. मग दुकानात घट्ट बसलेला मास्क पाण्यात नाकाखालून गळायला लागतो. तिसऱ्या पायरीवर जोर लावू नका, कारण जोरात ओढलं तर चुकीच्या मापाचा मास्कही क्षणभर चिकटतो.

काचेवर 'टेम्पर्ड' (फुटली तरी धारदार तुकडे न होणारी काच) असं कोरलेलं असावं. चेहऱ्याला टेकणारी कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती सिलिकॉनची हवी. चिमटीत दाबून सोडली की ती लगेच मूळ आकारात येते. कडक प्लास्टिकची कड कितीही आवळली तरी गळते.

मिशीवाल्यांसाठी: कड मिशीवर टेकली की केसांमधून पाणी आत झिरपतंच. नाकपुड्यांखालची बारीकशी पट्टी कातरली तरी बराच फरक पडतो. मिशीला हात लावायचा नसेल तर तिथे सिलिकॉन ग्रीस लावा आणि थोडं पाणी येणारच हे धरून चाला. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, काड्या कडेखालून बाहेर येतात आणि तिथून पाणी शिरतं. नंबर कमी असेल तर चष्म्याशिवाय जा, पाण्यात वस्तू तशाही जवळ आणि मोठ्या दिसतात. नंबर जास्त असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. भाड्याच्या ढिगात तो सापडेल याची आशा ठेवू नका.

एकच वस्तू स्वतःची घ्यायची असेल तर मास्क घ्या. दुसरी घेता आली तर नळी, कारण ती तोंडात जाते. फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ही, खुशाल भाड्याने घ्या.

## २. काच धुरकटू नये म्हणून

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला एक पातळ थर असतो. तो काढला नाही तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेल नको. आतल्या बाजूने बोटाने दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा आणि हे दोन-तीन वेळा करा. हे घरी करायचं काम आहे, होडीत नाही. काच प्लास्टिकची असेल किंवा तिच्यावर खास लेप असेल तर टूथपेस्ट लावू नका, ओरखडे पडतील.

पाण्यात उतरण्याआधी कोरड्या काचेवर आतून थुंकी फिरवा आणि समुद्राच्या पाण्याने एकदाच हलकं विसळा. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब. अनेक जण इथे चुकतात: थुंकी लावतात आणि मग काच लख्ख धुऊन टाकतात. तो पातळ थर राहायलाच हवा.

काच तरीही धुरकटत असेल तर तुम्ही नाकाने श्वास सोडताय. गरम, दमट हवा थंड काचेवर जमते, एवढंच त्यामागचं कारण.

## ३. नळी: ती एवढीच का लांब असते

नळी कोणत्या प्रकारची आहे ते हातात आल्यावर ओळखा.

साधी नळी: वाकवलेली नळी आणि माउथपीस. बिघडण्यासारखं काही नाही, पण लाट आली की पाणी थेट आत.

खाली झडप असलेली: माउथपीसच्या खाली छोटा कप्पा आणि एकाच बाजूने उघडणारी रबरी झडप असते. फुंकर मारली की पाणी खालून निघून जातं. नवशिक्यांसाठी हीच सगळ्यात सोयीची. झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती उघडी राहते आणि पाणी उलटं आत येतं.

वर तरंगता बूच असलेली, म्हणजे ड्राय नळी: टोक पाण्याखाली गेलं की बूच वर सरकतं आणि नळी बंद होते. पाणी येत नाही, पण हवाही येत नाही. हे आधी सांगितलेलं नसलं की माणसाला गुदमरल्यासारखं होतं आणि तो जोरात श्वास ओढू लागतो. अशा वेळी ओढायचं नाही. डोकं थोडं वर करा, बूच खाली पडेल.

तपासणी: नळीचं वरचं भोक तळहाताने बंद करा आणि माउथपीसमधून हळू श्वास ओढा. हवा अजिबात आली नाही पाहिजे. आली तर झडप किंवा माउथपीसचा सांधा गळतोय. ड्राय नळी उलटी-सुलटी करून बूच खुळखुळ हलतं का तेही बघा.

आता लांबीचं. मोठ्यांची नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर असते. जास्त लांब घेतली तर जास्त खोल जाता येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटर घशात आणि श्वासनलिकांमध्येच राहते, फुप्फुसाच्या कामाला येत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाची, ४० सेंटिमीटर लांब नळी लावली की आणखी सुमारे १२५ मिलिलिटर वापरलेली हवा प्रत्येक श्वासाबरोबर परत आत येते. म्हणजे ५०० पैकी ताजी हवा उरली २२५. घाबरून ३०० मिलिलिटरचे छोटे-छोटे श्वास घेऊ लागलात तर ताजी हवा प्रत्येक श्वासात जेमतेम २५ मिलिलिटर मिळते. छाती धपापते, पण दम भरत नाही. नळी आणखी लांब केली तर हे गणित आणखी बिघडतं.

दुसरं कारण पाण्याचा दाब. छाती एक मीटर खाली गेली की तिच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जादा भार येतो. छातीचा भाग ३० बाय ३० सेंटिमीटर धरला तर तो ९० किलो झाला. पृष्ठभागाशी जोडलेल्या नळीतून हवा ओढताना छाती एवढ्या भाराविरुद्ध फुगवावी लागेल. म्हणून बाजारातल्या नळीला पाइपचा तुकडा जोडण्याचे उद्योग करू नका.

या सगळ्यातून पाण्यातला नियम एकच निघतो: श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कबद्दल: नाका-तोंडाला एकत्र झाकणारे मास्क सोपे दिसतात. नवशिक्याला मी ते सुचवणार नाही. आतल्या झडपा नीट काम करत नसतील तर सोडलेलीच हवा परत घेतली जाते, नाक चिमटीत धरता येत नाही, आणि घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकून टाकावी तसा तो चटकन निघत नाही.

## ४. लाइफ जॅकेट आणि फिन्स

साधं लाइफ जॅकेट माणसाला पाठीवर, तोंड वर ठेवून तरंगवण्यासाठी बनवलेलं असतं. स्नॉर्कलिंगमध्ये आपल्याला पालथं राहायचं असतं. त्यामुळे जॅकेट तुम्हाला सतत उभं करायला बघतं आणि तुम्ही मान वाकवून खाली बघत राहता. मान वाकली की नळी पुढे झुकते आणि टोक पाण्यात जातं. "नळीत सारखं पाणी येतंय" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. उपाय आठव्या टप्प्यात आहे. पोहता येत नसेल तर जॅकेट काढण्याचा विचारसुद्धा नको.

जॅकेटची सगळी बकलं लावा, पट्टे ओढा, मग कोणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावा.

फिन्स मालवणच्या छोट्या सहलीत बऱ्याचदा देतच नाहीत, गाईड तुम्हाला तरंगती रिंग धरायला देऊन ओढत नेतो. मिळाल्या तर अनवाणी पायात घालून बोटं हलवून बघा. बोटं मुडपली तर गोळा येणार, टाच निसटली तर फोड येणार.

## ५. किनाऱ्यावर, याच क्रमाने

१. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. पालथं तरंगताना सगळं ऊन पाठीवर येतं आणि पाणी थंड असल्याने ते कळत नाही. सनस्क्रीन लावायचं तर वीस मिनिटं आधी, आणि कपाळावर व डोळ्यांभोवती अजिबात नको. ते मास्कला सरकवतं आणि डोळ्यांत उतरून झोंबतं.
२. लाइफ जॅकेट.
३. नळी मास्कच्या पट्ट्याला डाव्या बाजूला, कानाच्या किंचित पुढे अडकवा.
४. काचेला थुंकी, विसळणं.
५. मास्क आधी चेहऱ्याला टेकवा, मग पट्टा मागे घ्या. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वरून.
६. बोट फिरवून कडेखाली एकही केस नाही याची खात्री.
७. माउथपीस: रुंद पाकळी ओठ आणि हिरड्यांच्या मध्ये, दोन छोटे खुंट दातांत हलके. चावायचे नाहीत. ओठांनी बंद करायचं असतं, दातांनी नाही. जबडा दुखायला लागला म्हणजे तुम्ही चावताय. निघणारी कवळी असेल तर काढून ठेवा.
८. फिन्स सगळ्यात शेवटी, पाण्याच्या कडेला. घालून चालायचंच असेल तर उलटं चाला.

सावधान: मास्क गळतोय म्हणून पट्टा आवळत जाऊ नका. आवळल्याने कड दुमडते आणि गळती वाढते. आधी केस बघा, मग कड, मग मिशी. पट्टा शेवटी.

## ६. कमरेएवढ्या पाण्यात वीस मिनिटं

ही वीस मिनिटं होडीच्या भाड्यात धरलेली नसतात, ती तुम्हालाच काढायची आहेत. मालवणात चिवल्याचा किनारा त्यातल्या त्यात शांत. तारकर्लीला लाट फुटत असेल तर तिथे नको, आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी तर मुळीच नको, तिथे ओढ असते. मालवणला जायच्या आधी गावातल्या तरणतलावात उथळ बाजूला केलंत तर उत्तम. तेही नसेल तर घरी मास्क-नळी लावून दहा मिनिटं टीव्ही बघा. घरचे हसतील, पण तोंडाने श्वास घ्यायची सवय तिथेच लागते.

१. उभ्यानेच मास्क आणि नळी लावून दहा श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.
२. गुडघ्यांवर हात ठेवून वाका आणि फक्त चेहरा पाण्यात घाला. पहिल्या श्वासाला शरीर नकार देतं. चेहऱ्याला पाणी लागलं की श्वास रोखला जातो, ही नैसर्गिक गोष्ट आहे. थांबा, आधी श्वास *सोडा*, मग घ्या.
३. असे वीस श्वास झाले की डोकं न उचलता डावीकडे-उजवीकडे बघा. नळी कुठल्या कोनात बुडते ते इथे समजून घ्या.

तपासणी: पाण्यात चेहरा ठेवून सलग दोन मिनिटं शांत श्वास घेता येईपर्यंत पुढे जाऊ नका. श्वासाचा आवाज नळीत मोठा ऐकू येतो. तो धापांसारखा असेल तर अजून वेळ आहे.

## ७. नळीत पाणी, मास्कमध्ये पाणी

पाणी येणारच. न येण्याची व्यवस्था करण्यापेक्षा काढायची सवय करा.

नळी रिकामी करणं: कमरेएवढ्या पाण्यातच मुद्दाम नळी बुडवा, भरू द्या. नळीचं टोक पाण्याबाहेर येईल एवढं डोकं वर घ्या, पण चेहरा पाण्यातच ठेवा. जिभेने 'टू' म्हणावं तशी एक जोरदार, आखूड फुंकर मारा. हळू फुंकलं तर हवा पाण्याच्या बाजूने निसटते आणि पाणी आतच राहतं. फुंकरीनंतरचा पहिला श्वास सावकाश, जीभ टाळूकडे उचलून. उरलेले थेंब घशात न जाता जिभेवर थांबतात. मग दुसरी फुंकर.

यात फुंकायला हवा शिल्लक असावी लागते. फुप्फुसं रिकामी असताना नळी भरली तर डोकं वर काढा, माउथपीस तोंडातून काढा, हवेत श्वास घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मास्क रिकामा करणं: पृष्ठभागावर असाल तर मास्कची खालची कड चिमटीने उचला, पाणी गळून जाईल. पाण्याखाली करायचं असेल तर वरची चौकट कपाळाशी दाबा, नजर थोडी वर करा आणि नाकाने हवा सोडा. हवा वर साठते, पाणी खालून निघतं. लोक उलट करतात: खालची कड दाबतात, मग पाण्याला वाटच राहत नाही.

दोन्ही गोष्टी ओळीने पाच वेळा जमल्या पाहिजेत.

## ८. आडवं होणं आणि पाय मारणं

जॅकेट उभं करतंय म्हणून पोट आत घेऊन झगडू नका. दोन्ही हात डोक्यापुढे लांबवा किंवा रिंग हाताच्या अंतरावर धरा. वजन पुढे गेलं की पाय आपोआप वर येतात. नजर सरळ खाली न ठेवता थोडी पुढे, मग नळी उभी राहते.

पाय कमरेतून हलवा, गुडघा जवळजवळ सरळ, घोटा सैल. सायकल मारल्यासारखे गुडघे पोटाशी आले तर पाणी घुसळलं जातं, पुढे काही जात नाही. फिन पाण्याबाहेर आपटत असेल तर हालचाल लहान करा.

## ९. आता होडी

दिवस निवडताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याची ओढ जास्त आणि गढूळपणाही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ओढ कमी. वेळ कोणती धरायची ते होडीवाल्यालाच विचारा, तिथली भरती-ओहोटी त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसते. वारा बहुतेक दुपारी वाढतो, म्हणून सकाळची होडी धरा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तरीही कोणी नेतो म्हणाला तर जाऊ नका.

होडीतून उडी मारू नका. शिडीने उतरा, एका हाताने होडी धरून दहा श्वास घ्या, मग सोडा. जोडीदार हाताच्या अंतरावर हवा. एक मुख्य गोष्ट: निघताना पाण्याची ओढ कुठल्या दिशेला आहे ते विचारा आणि आधी तिच्या *विरुद्ध* जा, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच तुम्हाला होडीकडे आणतं.

खाली प्रवाळ असतात. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. हात तर लावायचा नाहीच, पण खरं नुकसान पायांनी होतं. माणूस घाबरला की उभा राहायला बघतो आणि फिन थेट प्रवाळावर पडते. दम लागला तर उभं राहू नका, पाठीवर उलटा. जॅकेट त्यासाठीच आहे. खडकांत समुद्री साळूचे (सी अर्चिन या काटेरी, गोल प्राण्याचे) काटेही असतात, तेव्हा यात तुमचाही फायदा आहे.

बुडी मारायचा मोह झाला तर पोहता येणाऱ्यांनीच, गाईडला सांगून. कानात दाब जाणवण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकं फुंका. दुखायला लागलं तर वर या, रेटू नका. आणि बुडीआधी भराभर खोल श्वास घेऊन 'हवा भरून' घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो.

## १०. केव्हा बाहेर यायचं

थंडी वाजणं, पोटरीत गोळा, मळमळ, डोकं जड होणं: यातलं काहीही झालं तर होडीकडे. श्रम न करताही धाप लागत असेल तर लगेच नळी काढा, पाठीवर व्हा आणि हात वर करून गाईडला बोलवा. 'थोड्या वेळात बरं वाटेल' म्हणून नळीतूनच श्वास घेत राहणं ही इथली सगळ्यात महाग चूक. पाण्याबाहेर आल्यावरही धाप ओसरली नाही, खोकला किंवा फेस आला तर थेट दवाखाना.

## ११. सामान धुणं

गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. ड्राय नळीचं बूच आणि खालची झडप पाण्यातच दोन-तीनदा हलवा, मीठ सुकलं की तीच आधी अडकतात. माउथपीस साबणाने धुवा. सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत ओलं कोंबू नका. मास्क काच खाली करून दुसऱ्या सामानाखाली ठेवला तर कड चेपते आणि चेपलेली कड पुढच्या वेळी गळते. म्हणून तो ज्या कडक डब्यात आला तोच डबा जपून ठेवा.